न दिलेली ओळख

गल्लीत बातमी अशी फिरली की बरणीला विस्मरणाचा रोग लागला. सख्खी धाकटी बहीण समोरून येत होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, चेहऱ्यावर ताई दिसल्याचं हसू. ताईने तिच्याकडे विजेच्या खांबाकडे पाहावं तसं पाहिलं आणि बहीण हाक मारायच्या आत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. इस्त्रीवाल्याने पाहिलं, औषधाच्या दुकानदाराने पाहिलं, आणि ज्यांनी पाहिलंच नाही त्यांनी तर सगळ्यात बारकाईने पाहिलं. संध्याकाळपर्यंत बरणी नवऱ्यालाही ‘आपण कोण?’ असं विचारते, इथवर मजल गेली होती.

सगळं खोटं. बरणीचं डोकं ठिकाणावर आहे. इतकं, की लग्नाआधी तुम्ही तिची छत्री नेली असेल आणि परत करताना तिची काडी मोडलेली असेल, तर कुठली काडी तेही ती सांगेल. नवऱ्याला ती पुरतं ओळखून आहे, आणि नवऱ्याची तक्रारही तीच आहे. बहिणीला ओळख दिली नाही ती तिने ठरवून, पुऱ्या शुद्धीत. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर मात्र ती पादत्राणांच्या दुकानाच्या काचेसमोर उभी राहिली आणि नको असलेल्या चपलांच्या किमती वाचत बसली.

हे असं का, ते कळायला तिचं काम कळलं पाहिजे.

बरणी हॉस्पिटलात कामाला आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली, खिडकी उघडली की जनरेटरचा धूर आत येतो म्हणून कायम बंद. पेशंटबद्दलची कुठलीही गोष्ट हॉस्पिटलबाहेर जायची असेल तर आधी त्या खोलीतून जावी लागते. बहुतेक गोष्टी आत येतात आणि तिथेच राहतात. कारखान्याचा मॅनेजर येतो, आमचा कामगार कशाने आजारी आहे ते सांगा म्हणतो. सासू येते, सुनेला मूल होणार की नाही एवढंच सांगा म्हणते. घरमालक येतो, वकील येतो, कोणाचा तरी जुना मित्र येतो. कोणी आवाज चढवतो, कोणी रडतो, कोणी बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवून विसरल्यासारखं करतो. बरणी पुडा उचलून त्याच्या हातात देते आणि म्हणते, मी काही सांगू शकत नाही. दिवसभरात हे एकच वाक्य ती इतक्यांदा म्हणते, की घरी जेवताना नवऱ्याने भाजी कशी झालीय विचारलं तरी तेच तोंडात येतं.

बरणी हे नाव ठेवलं दुर्बीणवहिनींनी. दुर्बीणवहिनी समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांच्या गॅलरीतून गल्लीची दोन्ही टोकं दिसतात, आणि जे दिसत नाही ते त्या खाली येऊन विचारून घेतात. त्यांनी बरणीला कितीदा चहाला बोलावून खोदून पाहिलं, हाताला माती लागली नाही. तेव्हा चिडून म्हणाल्या, बाई कसली, बरणी आहे. आत काहीतरी भरलंय हे काचेतून दिसतं, झाकण मात्र निघत नाही. नाव असं चिकटलं की पुढे घंटा वाजवणारा पोस्टमनही ‘बरणीबाई आहेत का?’ म्हणू लागला.

यात मजा अशी, की बरणी स्वभावाने घुमी मुळीच नाही. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पडली की तिच्या तोंडाला पाय फुटायचे. बसस्टॉपपासून घरापर्यंत येताना इस्त्रीवाल्याची चौकशी, फुलझाडं विकणाऱ्या बाईच्या गुडघ्याची चौकशी, कोणाच्या पोराच्या परीक्षेची चौकशी. दिवसभराचं गप्प बसणं ती त्या वाटेवर व्याजासकट वसूल करायची.

फक्त एक नियम होता. तिच्या आधी त्या खोलीत बसणाऱ्या जुन्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलेला. त्या म्हणाल्या होत्या, पेशंट बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्याने दिली तर द्यायची. त्याच्याबरोबर त्याची बायको असेल, साहेब असेल, सोयरा असेल. ‘या बाई कोण?’ असं त्यांनी विचारलं तर त्याने काय सांगावं? नियम साधा आणि माणुसकीचा होता. बरणीने तो डोळ्यांत तेल घालून पाळला.

आणि तिथेच घात झाला. नियम ज्यांनी केला, त्यांना अशी बडबडी बाई डोळ्यांपुढे नसावी. मुळात घुम्या माणसाने हा नियम पाळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण जी बाई झाडालासुद्धा कसं काय विचारते, ती एखाद्याच्या समोरून मान खाली घालून गेली, तर तो एकटाच दिव्यासारखा उजळून निघतो. अख्ख्या रांगेतल्या पणत्या लावायच्या आणि एक विझवायची, तर नजर विझलेलीकडेच जाते. बरणीच्या हे लक्षात आलं नाही. दुर्बीणवहिनींच्या आलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. बेकरीवाला एकटा माणूस, हात कोपरापर्यंत पिठाचे, पाव मात्र असा की पिशवीतून घरी पोचेपर्यंत अर्धा संपायचा. बरणी रोज सकाळी कामावर जाताना तिथे थांबायची. दोघांची थट्टा ठरलेली. ती म्हणायची, आज पाव कालपेक्षा लहान दिसतोय. तो म्हणायचा, ताई, पाव तेवढाच आहे, तुमचं तोंड मोठं झालंय. मग एके दिवशी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, एका दाराबाहेरच्या बाकावर बरणीने त्याला बसलेलं पाहिलं. कुठलं दार, ते इथेही लिहिलेलं नाही. त्याने मान फिरवली, तिनेही फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून ती बेकरीवरून खाली बघत जाऊ लागली. तो ओळख देईल तेव्हा देईल, असं तिच्या मनात. तो लाजला होता, तो कुठली देतो. आणि दुर्बीणवहिनी गॅलरीत केस वाळवत होत्या.

त्यांनी आधीची उदाहरणं आठवली, जुळवून पाहिली, आणि निष्कर्ष काढला. कुठला आजार हे माहीत नव्हतं, त्यामुळे हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. ज्याला जो वाटेल तो आजार त्याने धरला. छातीचा म्हणणारे छातीचा म्हणाले, कातडीचा म्हणणारे कातडीचा. पीठ मळणारे हात, शेवटी. पावाची रांग आटत गेली. फळीवर सकाळचे पाव संध्याकाळपर्यंत तसेच दिसू लागले, मग फळीच अर्धी रिकामी दिसू लागली. तो माणूस कोणाला धोका नव्हता, कधीच नव्हता. पण हे सांगायचं कोणी? सांगायचं म्हणजे तो येतो हे आधी कबूल करायचं.

बेकरीवाल्याने हॉस्पिटलात तक्रार केली. माझी गोष्ट तुमच्याकडून फुटली, आणि गल्लीत राहणारी तुमची एकच बाई आहे.

चौकशी बसली. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर मध्ये. हे दर बैठकीत सांगायचे, की पेशंटची गुपितं राखणाऱ्यांच्या पाठीशी आम्ही खंबीरपणे उभे आहोत. आजवर बरणीने त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. अडचणीच्या वेळी सल्ला विचारायला कोणीतरी जाणतं माणूस, आणि उघडणारी खिडकी. सल्ल्याबद्दल ते म्हणाले, तुम्ही स्वतःच इतक्या अनुभवी आहात. खिडकीबद्दल बघू म्हणाले. एका बाजूला बेकरीवाला बसला होता, आणि साक्षीला दुर्बीणवहिनी, ठेवणीतली साडी नेसून.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? वहिनी म्हणाल्या, सांगितली कोणीच नाही. मग कळली कशी? वहिनी हसल्या. आपली युक्ती त्या अशी फुकट सांगणार नव्हत्या. म्हणाल्या, “काही माणसांचं नुसतं तोंड बघितलं तरी कळतं, डॉक्टरसाहेब.” आणि बरणीकडे बघितलं.

त्या क्षणी बरणीला सगळं उमगलं. आपण न बोलून बोललो. एकट्या याच्याबद्दल नाही; गेली कित्येक वर्षं त्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या समोरून ती मान खाली घालून गेली होती, त्या सगळ्यांबद्दल. ते सगळे चेहरे तिच्यापुढे उभे राहिले. त्यांतल्या कोणाची नोकरी होती, कोणाचं ठरलेलं लग्न होतं, कोणाची सासू होती. सुटका एका वाक्यावर होती. साहेब, मी काहीही सांगितलं नाही, आम्ही पेशंटला आपण होऊन ओळख देत नाही, यांनी त्यावरून ताडलं. एवढं म्हटलं की ती सुटली. पण एवढं म्हटलं की वहिनींच्या अंदाजावर हॉस्पिटलचा शिक्का बसला, आणि ते सगळे चेहरे एका झटक्यात उघडे पडले.

तिने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मला तुमच्याशी एकटीला बोलता येईल का?

“जे काय असेल ते सगळ्यांसमोर,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आपल्याकडे लपवाछपवी चालत नाही.”

ज्या बाईला ते लपवण्याचाच पगार देत होते, तिला हे ऐकवून ते पाणी प्यायले. बरणी म्हणाली, माझ्या तोंडून काही गेलेलं नाही, याहून जास्त मी सांगू शकत नाही. पुन्हा तेच वाक्य. फरक इतकाच, की या वेळी मार तिलाच होता. तोंड दाबून बुक्क्यांचा.

तिला ताकीद मिळाली. काढूनच टाकायचं चाललं होतं, पण ती खोली घ्यायला दुसरं कोणी तयार होईना. मग मोठ्या डॉक्टरांनी तिला समजावलं, की आम्ही अजूनही तुमच्या पाठीशी आहोत. बरणी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, पाठीशी म्हणजे नेमके कुठे असतात ते मला दिसतच नाहीत.

बेकरीवाल्याला मात्र खरं सांगावं, त्याची माफी मागावी, असं तिला फार वाटत होतं. त्याची गोष्ट त्याला सांगण्यात काही चूकही नव्हती. पण सांगायचं तर आधी बोलायला हवं, आणि आधी बोलायचं ते त्याने. ती रोज बेकरीसमोर पावलं हळू करायची. तो पाठ करून भट्टी साफ करत राहायचा, जिच्यात आता साफ करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग एका सकाळी शटर खाली होतं, दुसऱ्या सकाळीही. नंतर तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं.

इकडे दुर्बीणवहिनींना साक्षीला जाऊन आल्यापासून धीर धरवेना. एवढी मोठी युक्ती, आणि दाद द्यायला कोणी नाही. मग त्यांनी ती अगदी विश्वासातल्या एकीला सांगितली, शपथ घालून. तिने तिच्या विश्वासातल्या एकीला. शपथा फिरत फिरत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. त्यानंतर बरणी कामावरून येताना दिसली की गॅलऱ्या भरायच्या. इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरायचा. आता ही कोणाशी बोलते आणि कोणाशी नाही?

बरणीने विचार केला. ज्यांना ओळख देत नव्हती त्यांना आता अचानक द्यावी, तर ते बिचारे दचकतील आणि लोक म्हणतील, बघा, सारवासारव. सगळ्यांशीच बोलणं एका दिवसात तोडावं, तर जुना हिशेब लोकांच्या डोक्यात तसाच राहील. वाट एकच होती. जी माणसं ठणठणीत आहेत, ज्यांचा हॉस्पिटलशी काडीचा संबंध नाही, त्यांच्यासमोरूनही मान फिरवून जायचं. असं, की युक्तीचा पार चोथा होईल. आणि सुरुवात अशा माणसापासून करायची, ज्याच्याशी बरणी बोलली नाही हे आंधळ्यालाही दिसेल.

तशी एकच होती. धाकटी.

धाकटी पुढच्याच गल्लीत राहायची आणि घरात पाळणाघर चालवायची. दोघी बहिणी भर रस्त्यात भेटल्या की रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे. बरणीचा अंदाज असा, की लोक म्हणतील बहिणींचं बिनसलं. बहिणींचं बिनसतंच. धाकटीला आधी सांगावं असंही मनात आलं. पण धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी घरात मांजरीला पिल्लं झाली की आई तिच्यापासून लपवायची, नाहीतर अख्खी आळी बघायला यायची. कदाचित या वेळी तिने तोंड मिटून ठेवलंही असतं. पण कदाचितवर बरणीचं काम चालत नाही.

तेव्हा तो रस्ता, त्या भाजीच्या पिशव्या, आणि चपलांच्या किमती.

विस्मरणाची बातमी एक दिवसच टिकली. दुसऱ्या दिवशी दुर्बीणवहिनींनी खुलासा केला, की विस्मरण नाही हो. धाकटी पेशंट झालीय. युक्ती सरळ होती, ज्याला ओळख नाही तो आजारी. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम. पाळणाघरात पोरं सोडणाऱ्या आया दारातूनच धाकटीचा चेहरा निरखू लागल्या. एकीने मुलाला आजीकडे ठेवलं, दुसरीने सुट्टी घेतली, तिसरीने कारणही दिलं नाही. खेळणी जमिनीवर आणि खेळायला कोणी नाही, असं दिसू लागलं. बरणीला ही खबर नवऱ्याकडून कळली, आणि हातातलं ताट तिने तसंच ओट्यावर ठेवलं.

धाकटी आली ती चप्पल न काढताच आत आली. बोलली मात्र हळू, आणि तेच बरणीला जास्त लागलं.

“ताई, आया मला विचारतात, तुम्हाला काय झालंय. काय झालंय मला?”

“काही नाही.”

“मग एकदा रस्त्यात हाक मार. नेहमीसारखी. एवढंच.”

बरणीने मनात हिशेब केला. एक हाक, म्हणजे पाळणाघर परत भरलं. आणि एक हाक, म्हणजे वहिनींची युक्ती पुन्हा शंभर नंबरी खरी: बघा, बहीण बरी झाली की बोलायला लागली. मग उरलेल्यांचं काय? धाकटीला सगळं कळत नव्हतं, पण ताई कोणाला तरी पाठीशी घालतेय इतकं कळलं होतं. कोण आहेत ते, तुझे कोण लागतात, असं तिने विचारलं. बरणीला ते आहेत हेसुद्धा म्हणता येत नव्हतं.

“परक्यांसाठी तुला जीभ नाही, आणि माझ्यासाठीही नाही,” धाकटी म्हणाली. “मग ती ठेवलीस कशाला?” आणि निघून गेली.

त्या रात्री बरणी जेवली नाही. नवऱ्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, अगं, घरच्यांसाठी थोडं इकडचं तिकडे चालतं. ती म्हणाली, मॅनेजरही हेच म्हणतो, सासूही हेच म्हणते.

अर्धवट सोडलं तर आगीतून फुफाट्यात, एवढं तिला दिसत होतं. बहिणीला वाचवायची तर ओळख देऊन नाही, ओळख न देऊनच; एवढ्या जणांना, की कोणाच्याच कपाळी काही उरू नये. तिने औषधाच्या दुकानदाराला टाळलं. इस्त्रीवाल्याला टाळलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना टाळलं, व्यायामशाळेच्या मास्तरांना टाळलं, जे विटा फोडून दाखवतात. आणि मग एका संध्याकाळी, गॅलऱ्या भरलेल्या असताना, भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या दुर्बीणवहिनींच्या अगदी समोरून ती मान खाली घालून गेली.

वहिनींनी युक्ती इतकी नीट शिकवली होती, की कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुपारच्या पत्त्यांच्या डावाला वहिनींकडे येणाऱ्या बायका ‘चहा आत्ताच झाला’ म्हणू लागल्या. मग डावच दुसरीकडे भरू लागला. वहिनी शिंकल्या तर पायरीवर बसलेली माणसं उठून उभी राहत. औषधाचा दुकानदार, जो स्वतःच संशयात होता, तो त्यांना हळूच विचारी, वेळेवर घेता ना? काय घ्यायचं, ते ना त्याला माहीत होतं, ना त्यांना.

व्यायामशाळेचे मास्तर आणि दुर्बीणवहिनी एकाच यादीत आले, तेव्हा गल्लीला हळूहळू कंटाळा आला. सगळेच आजारी तर कोणाबद्दल बोलायचं? पाळणाघरात एकेक पोर परत आलं. ज्यांची गोष्ट झाकायची होती त्यांची झाकली गेली, आणि आपण कधी उघडे पडायला आलो होतो हे त्यांना कळलंसुद्धा नाही, त्यामुळे आभार मानायचा प्रश्न आला नाही. बेकरीवाला गेला तो गेलाच. आणि धाकटी आता समोरून येताना दिसली की बरणीच्या आधी स्वतःच रस्ता ओलांडते. गल्लीत बरणी आता माणूसघाणी म्हणून ओळखली जाते. बसस्टॉपपासून घरापर्यंतची वाट ती न बोलता चालते, आणि ती वाट पूर्वी इतकी लांब नव्हती.

वहिनींना मात्र सगळ्यांबरोबर सुटणं पुरेसं वाटेना. त्यांना एकटीला, चारचौघांत, स्वच्छ सुटायचं होतं. हॉस्पिटलात जाऊन विचारायची सोय नव्हती. तिथे आत जाताना कोणी पाहिलं तर? म्हणून त्यांनी बरणीला भर गल्लीत, भाजीच्या गाडीपाशी गाठलं. चार बायका निवडत उभ्या होत्या, भाजीवाला तराजू धरून थांबला होता. वहिनींनीच आधी ओळख दिली, त्यामुळे बरणीही थांबली, नीट हसली, कशा आहात म्हणाली.

“अहो ताई, तुमच्या पाया पडते,” वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “या सगळ्यांना एकदा सांगून टाका, की मी तुमच्या हॉस्पिटलची पायरीसुद्धा कधी चढलेली नाही.”

बरणीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“वहिनी, कोण येतं हे मी कोणाला सांगत नाही. कोण येत नाही, हेही सांगत नाही.”